आवडीच्या हवेतला रंजका

महाराष्ट्रातल्या कुणालाही ‘आम्ही आवडीला राहतो’ असं सांगितलं की आधी हसू येतं. मराठीत आवडी म्हणजे आवड, गोडी. आमची आवडी मात्र चेन्नईच्या पश्चिमेला, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर आहे. जुन्या मंडळींना हे नाव १९५५ सालच्या काँग्रेस अधिवेशनामुळे आठवतं, कारण समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव इथेच झाला होता. आम्हा नोकरदारांना ते रणगाड्यांमुळे माहीत. इथला अवजड वाहनांचा कारखाना १९६१ साली उभा राहिला आणि १९६५ साली त्यातून पहिला ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला.

२०१९ साली यांची अंबरनाथहून इकडे बदली झाली. बरोबर मी, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासरे आदल्याच वर्षी गेले होते. अंबरनाथला आईंना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्या आल्या. त्यांच्या सामानात दोन पातळं, देवांचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेली चिनी मातीची बरणी. बरणीत रंजका.

ज्यांना रंजका माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओल्या लाल मिरच्या, म्हणजे झाडावरच पिकून लाल झालेल्या पण वाळवलेल्या नाहीत अशा, मीठ आणि लसूण घालून भरड वाटायच्या. त्यात लिंबू पिळायचं आणि वरून मेथी-मोहरीची पूड. हिरव्या मिरचीचा ठेचा आज करून उद्या संपवायचा असतो. रंजका मात्र साठवणीचा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगावच्या पट्ट्यात भाकरीबरोबर तो असतोच. आमच्या आई गडहिंग्लजच्या. पलीकडे संकेश्वर, जिथली लांब, लालभडक मिरची प्रसिद्ध आहे. रंजका त्यांना कुणी शिकवला असं नाही, तो त्यांच्या हातातच होता.

आवडीत मात्र तो टिकेना. आणलेल्या बरणीवर पहिल्याच दिवाळीनंतर पांढरी बुरशी आली. जानेवारीत त्यांनी नवा केला. तो मेपर्यंत छान राहिला, पण नोव्हेंबरच्या पावसात त्याला पाणी सुटलं आणि आंबूस वास यायला लागला. आईंनी बरणी मागच्या मोरीत नेऊन रिकामी केली, धुतली आणि पालथी घालून ठेवली. ‘ह्या हवेत आपलं काय टिकायचं न्हाई बघ,’ म्हणाल्या.

चार दिवसांनी त्यांनी मुलाला अंबरनाथचं तिकीट काढायला सांगितलं. एकट्याच राहणार म्हणाल्या. तेव्हा त्यांचं वय ७२ होतं. बोलणं रंजक्याचं नव्हतं, हे आम्हाला कळत होतं. भाषा येत नाही, बाजारात भाव विचारता येत नाही, दुपारी बोलायला कुणी नाही, आणि आता हातचा पदार्थही साथ देत नाही. घरात मोठ्या माणसाला आपला काही उपयोग नाही असं वाटायला लागलं की ते माणूस कोपरा धरतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून मी आधी हा प्रश्न विचारला, की तोच हात, तीच कृती, मग बिघडलं कुठे?

बरणी तीच, माणसं कमी

पहिलं कारण सापडलं ते पंचांगात. आपल्याकडे साठवणीची सगळी कामं जूनच्या पावसाआधी उरकतात. अंबरनाथला जानेवारीत केलेला रंजका पाऊस लागेपर्यंत तळाला गेलेला असायचा. चेन्नईचं चक्र वेगळं. इथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जानेवारीत भरलेल्या बरणीला आधी एप्रिल-मेचा कडक उन्हाळा काढायचा, मग वर्षअखेरीचा पाऊस. समुद्र जवळ असल्यामुळे हवेतला दमटपणा बाराही महिने आहेच.

दुसरं कारण त्याहून साधं, पण आईंना बोलून दाखवणं अवघड होतं. अंबरनाथला एकाच मजल्यावर दोन दिरांची बिऱ्हाडं, मिळून नऊ माणसं खाणारी. इथे चौघं, त्यात नात तिखट खात नाही. बरणी तेवढीच, खाणारे निम्म्याहून कमी. पाच महिन्यांत संपणारा रंजका वर्षभर पुरायला लागला. आईंच्या कृतीत खोट नव्हती. ती कृती पाच महिन्यांसाठी बांधलेली होती आणि आम्ही तिच्याकडून बारा महिने मागत होतो.

मी हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे माझं चुकलं न्हाई.’ नाहीच चुकलं.

फ्रिजमध्ये ठेवणं हा सोपा उपाय होता आणि मी तो सुचवलाही. आईंना पटला नाही. फ्रिजमधला रंजका त्यांच्या लेखी शिळ्या भाजीसारखा. पुढे एका पावसाळ्यात त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते कळलं. ते सांगतेच, पण आधी शेजारच्या अक्कांबद्दल.

उप्पु, पुळि, एण्णै

आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहतं. त्यांच्या घरातल्या आजींना सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणजे थोरली बहीण, तमिळमध्येही आणि गडहिंग्लजकडेही. त्यामुळे आईंना तो शब्द पहिल्या दिवसापासून जमला. बाकी दोघींमध्ये दोन वर्षं नुसतं हसणं आणि मान हलवणं.

पोंगल झाल्यावर आवडीच्या बाजारात ओल्या लाल मिरच्या येतात. २०२१च्या फेब्रुवारीत अक्कांच्या गच्चीवर त्या पसरलेल्या आईंनी पाहिल्या आणि सरळ तिथे जाऊन बसल्या. अक्का करणार होत्या ‘पळमिळगाय तोक्कु’. पळमिळगाय म्हणजे पिकलेली मिरची, आणि तोक्कु म्हणजे तेलात शिजवून आटवलेलं तिखट वाटण. मिरची तीच, मीठही तसंच, पण आंबटपणाला लिंबाऐवजी चिंच आणि शेवटी तिळाच्या तेलात मंद आचेवर तासभर परतणं.

आता या दोघी बोलल्या कशा? आई सीमाभागातल्या, लहानपणापासून कानावर कानडी. स्वयंपाकघरातली कानडी आणि तमिळ सख्ख्या बहिणी आहेत हे मला त्या दिवशी समजलं. मिठाला दोन्हीकडे उप्पु. तेलाला कानडीत एण्णे, तमिळमध्ये एण्णै. गुळाला कानडीत बेल्ल, इथे वेल्लम. आंबटाला कानडीत हुळि, आणि इथे पुळि म्हणजे चिंच. आई एक शब्द म्हणायच्या, अक्का तो आपल्या पद्धतीने दुरुस्त करायच्या. दुपारभर हेच चाललं होतं. घरी आल्यावर आई मला म्हणाल्या, ‘अगं, तिचा रंजकाच हाय की. नुसता शिजवलाय.’

खरं तर मिरची दोन्ही घरी पाहुणीच. पोर्तुगीजांबरोबर ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात इकडे आली. तोवर तिखट म्हणजे मिरी. म्हणून आपण मिरीवरून मिरची म्हणालो, आणि तमिळ लोकांनी मिळगु म्हणजे मिरी, त्यावरून मिळगाय असं नाव ठेवलं. दोन घरांनी एकमेकांना न विचारता सारखंच नाव दिलं.

टिकतं ते कशामुळे?

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे ‘का’ कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. साठवणीच्या पदार्थात चार राखणदार असतात. मीठ, आंबट, उष्णता आणि तेल.

मीठ पाणी धरून ठेवतं. जंतूंना आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं, आणि मीठ भरपूर असलं की ते त्यांना मिळत नाही. आंबटपणा दुसरा. पदार्थाचा पीएच ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकत नाही. चिंच आणि लिंबू दोन्ही त्याच्या बऱ्याच खाली असतात. उष्णता, म्हणजे परतणं, मिरचीतलं पाणी आटवते आणि कच्च्या वाटणातले बहुतेक जंतू मारते. शेवटी तेल. वरचा तेलाचा थर हवा अडवतो, म्हणून बुरशी धरत नाही.

इथे एक सावधगिरी. तेल जंतू मारत नाही, फक्त हवा अडवतं. बोट्युलिझमच्या जंतूला तर हवा नकोच असते. म्हणून कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची जी पद्धत व्हिडिओंमध्ये दिसते, ती करू नका. लसणाबरोबर आंबट हवंच हवं.

आईंच्या मूळ रंजक्यात मीठ आणि लिंबू हे दोनच राखणदार होते. कोरड्या हवेला आणि पाच महिन्यांना तेवढे पुरत. अक्कांच्या तोक्कूत चारही होते, कारण इथल्या हवेला चारही लागतात. कोणती पद्धत चांगली हा प्रश्नच नाही. दोन्ही आपापल्या गावाच्या हवेशी जुळवून घेतलेल्या आहेत.

आमचा आवडीचा रंजका

दोघींनी मिळून जे ठरवलं ते असं. लसूण आणि मेथी-मोहरी आईंची, चिंच आणि तिळाचं तेल अक्कांचं.

साहित्य: ओल्या लाल मिरच्या १ किलो, जाडं मीठ २०० ग्रॅम, चिंचोके आणि दोरे काढलेली चिंच १५० ग्रॅम, सोललेला लसूण १०० ग्रॅम, तिळाचं तेल ३०० मिली, मोहरीची पूड ३० ग्रॅम, भाजलेल्या मेथीची पूड १ मोठा चमचा, गूळ ५० ग्रॅम, ८ लिंबांचा रस, फोडणीला मोहरी, हिंग, हळद.

मिरच्या देठांसकट धुवायच्या. देठ आधी काढले तर पाणी आत शिरतं आणि ते बाहेर येत नाही. पुसून रात्रभर पंख्याखाली सुती कापडावर पसरायच्या, सकाळी दोन तास ऊन दाखवायचं, मग देठ काढायचे. डाग पडलेली, मऊ झालेली एकही मिरची घ्यायची नाही.

मिरच्या, मीठ आणि चिंच एकत्र करून मिक्सरमध्ये थांबत थांबत भरड वाटायचं. पाण्याचा थेंबही नको. मिठामुळे मिरचीलाच पाणी सुटतं. हे वाटण काचेच्या बरणीत झाकून एक रात्र ठेवायचं. चिंच मऊ पडते आणि सकाळी आणखी एकदा फिरवलं की सगळं मिळून येतं.

जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत तेल तापवायचं. ॲल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं नको, आंबटाने ते कळकतं. मोहरी तडतडली की हिंग, हळद आणि ठेचलेला लसूण. लसूण गुलाबी झाला की वाटण घालायचं आणि आच मंद करायची. सुरुवातीला ते उडतं, म्हणून लांब दांड्याचा उलथणा घ्यायचा आणि मुलांना लांब ठेवायचं. ठसका लागतोच, खिडक्या उघड्या ठेवा. चाळीस मिनिटं ते तास लागतो. कडेने तेल सुटलं आणि उलथण्यावरून गोळा सरकन घसरला की झालं. मग गूळ, मेथी, मोहरीची पूड. गॅस बंद करून कोमट झाल्यावर लिंबाचा रस घालायचा, कारण उकळला तर तो कडवट होतो.

बरण्या आधीच दहा मिनिटं पाण्यात उकळून उन्हात कोरड्या केलेल्या हव्यात. एक मोठी बरणी भरण्यापेक्षा चार लहान भरा. एक रोजची, तीन साठवणीच्या. रोजच्या बरणीत चमचे जातात, झाकण उघडं राहतं, वाफ लागते. साठवणीच्या बरणीला हात लावायचा नाही. वर तेल अर्धा सेंटीमीटर तरी तरंगायला हवं, कमी वाटलं तर गरम करून गार केलेलं तेल ओतायचं. पत्र्याची झाकणं मिठाने गंजतात, म्हणून प्लास्टिकची वापरा किंवा चिनी मातीच्या बरणीला फडकं बांधा. बाहेर तारीख लिहून चिकटवा.

एवढं करूनही बुरशी दिसली, फेस आला किंवा वास बदलला, तर वरचा थर काढून खालचं खाऊ नका. सगळं टाका. जीव महाग, मिरच्या स्वस्त.

वीज गेली तेव्हा

२०२३च्या डिसेंबरच्या ३ आणि ४ तारखेला मिचाँग चक्रीवादळ चेन्नईला घासून गेलं आणि ५ तारखेला आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्यावर आलं. पाऊस थांबेना. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, वीज तीन दिवस नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधलं दूध नासलं, इडलीचं पीठ फसफसून भांड्याबाहेर आलं, नारळाची चटणी आणि चिरून ठेवलेल्या भाज्या टाकून द्याव्या लागल्या. बाजार बंद.

फडताळावर तीन बरण्या होत्या, आठ-नऊ महिन्यांच्या. आईंनी मेणबत्तीच्या उजेडात एक उघडली, वास घेतला, बोटाला लावून चाखली आणि माझ्याकडे पाहिलं. तिघी-चौघींच्या घरी गॅसवर भात शिजत होता. गरम भात, वर तिळाचं तेल आणि रंजका, यावर आमचं आणि वरच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांचं दोन दिवस भागलं. वरच्या केरळी ताई बरणी परत करायला आल्या तेव्हा ‘तुमची भरणी’ म्हणाल्या. मल्याळममध्ये बरणीला भरणीच म्हणतात. आईंना हा शब्द इतका आवडला की त्या अजून तसंच म्हणतात.

त्या दिवसांत मला आईंचं म्हणणं पटलं. फ्रिजमध्ये आपण पदार्थ ठेवतो, बरणीत तो टिकवतो. फ्रिज ही सोय आहे, मीही रोज वापरते. पण घरात निदान एक-दोन गोष्टी अशा असाव्यात ज्यांना विजेची गरज नाही, आणि त्या करणारं एखादं माणूस असावं.

मीठ कुठलं कमी करायचं?

गेल्या वर्षी आईंचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी लोणचं, पापड, रंजका बंद करायला सांगितलं. मुलीने लगेच तोडगा काढला, ‘आजी, रंजक्यात मीठ निम्मं घाल ना.’

इथे मला मधे पडावं लागलं. मीठ चवीपुरतं असतं तर निम्मं केलं असतं. रंजक्यात ते राखणदार आहे. निम्मं केलं तर बरणी पावसाळा काढणार नाही, आणि खराब रंजका रक्तदाबापेक्षा लवकर आजारी पाडेल.

मग आम्ही हिशेब मांडला. वरच्या प्रमाणात तयार रंजक्यात साधारण ११-१२ टक्के मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आई भाकरीबरोबर मोठा चमचा भरून घेत, म्हणजे त्यातच सुमारे २ ग्रॅम मीठ. पाव छोटा चमचा घेतला तर ते पाव ग्रॅमच्याही आत येतं. हा हिशेब घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचार करून तेवढ्याला परवानगी दिली, पण पापड आणि ताटातलं वरचं मीठ बंद. तुमच्या घरी असा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा, आमचं प्रमाण उचलू नका.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला आहे. बरणीतलं मीठ कमी करायचं नाही, ताटातला रंजका कमी करायचा. आईंच्या ताटात तो आता करंगळीच्या नखाएवढा असतो. त्या तो शेवटच्या घासापर्यंत पुरवतात.

अंबरनाथच्या तिकिटाचा विषय त्या वर्षी निघाला तो निघाला, पुन्हा निघाला नाही. आई वर्षातून एकदा जातात, महिनाभर राहतात आणि पोंगलच्या आधी परत येतात. कारण पोंगलनंतर मिरच्या येतात आणि अक्का एकट्याने पाच किलो निवडणार नाहीत. जाताना एक बरणी दिरांकडे नेतात. तिकडे त्याला सगळे ‘आवडीचा रंजका’ म्हणतात, आणि आता त्यावर कुणी हसत नाही.

तुमच्या गावच्या हवेला कोणता राखणदार जास्त लागतो ते बघा आणि त्याप्रमाणे करून पाहा. बरणीवर तारीख लिहायला मात्र विसरू नका.